शेतावरील झोळीसाठी कमीजास्त करता येणारा दोर

रोहे तालुक्यात, रोहे शहराला लागूनच असलेल्या वरसे गावच्या परिसरात आषाढ लागला म्हणजे लावणीची धांदल सुरू होते. भिरा येथील जलविद्युत केंद्रातून वीजनिर्मितीनंतर सुटणारे पाणी कुंडलिका नदीत येते आणि डोलवहाल बंधाऱ्यावरून ते कालव्याने शेतीस दिले जाते. त्यामुळे तालुक्यात जेथे हे पाणी पोहोचते तेथे उन्हाळी भाताचीही लावणी होते. लावणी हे मुख्यतः स्त्रियांचे काम होय. ज्या घरी मूल सांभाळण्यास वडीलधारे माणूस नसते, त्या घरची स्त्री तान्हे मूल बरोबर घेऊनच शेतावर येते आणि बांधावरील झाडाच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधून त्यात त्याला निजविते.

ही चाल जुनी आहे व सोयीचीही आहे. ओल्या जमिनीवर मूल ठेवले तर त्याला गारवा बाधतो. मुंग्या, विंचू व साप यांचेही भय असते. तथापि लावणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात सरकते, तशी झोळीही एका झाडावरून दुसऱ्या झाडावर न्यावी लागते. प्रत्येक फांदीची उंची निराळी असते. दोर कमी पडला तर त्याला चिंधीचा जोड दिला जातो. जास्त झाला तर फांदीला कसेतरी वेढे दिले जातात. भिजलेली गाठ फुगून घट्ट बसते व चिखलाच्या हातांनी सुटत नाही. मग घाईघाईत बांधलेल्या एका गाठीवर मुलाचा जीव सोपवून आई खाचरात उतरते. गाठ न सोडता ज्याची लांबी कमीजास्त करता येईल असा दोर एकदाच नीट करून ठेवला, तर हा धोका पुष्कळ अंशी टळतो. असा दोर घरच्या घरी कसा करावा, हे या लेखात सांगितले आहे.

सरकती गाठ की ठरावीक फास?

लांबी कमीजास्त करण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत दोराचे टोक त्याच दोराभोवती गुंडाळून सरकती गाठ मारतात. ताण नसता ती हाताने सरकते आणि ताण येताच दोराला आवळून धरते. दुसऱ्या रीतीत दोरावर ठरावीक अंतराने पक्के फास करून ठेवतात व हवा तो फास लाकडी खुंटीत अडकवितात.

सरकत्या गाठीने लांबी बोटभर फरकानेही जुळविता येते, हा तिचा गुण होय. परंतु तिचा सर्व भरवसा घर्षणावर असतो. सुताच्या किंवा तागाच्या खरबरीत दोरावर ती चांगली धरते. बाजारात मिळणाऱ्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दोरावर, त्यातही तो भिजला असता, ती हळूहळू सरकण्याचा संभव असतो. फासाच्या रीतीत लांबी एकेका वितीनेच बदलते, पण दोर सरकण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून माणसाचा भार जेथे असेल तेथे फासाचा दोरच वापरावा. सरकती गाठ झोळीवरील ताडपत्री ताणण्यासाठी राखून ठेवावी. पोकळ विणीच्या दोराचे टोक त्याच दोराच्या पोटात ओवून सरकता फास करता येतो. तो फार सोयीचा असतो, पण शेतावरचा तिपेडी पिळाचा दोर पोकळ नसल्यामुळे ही रीत त्याला लागू पडत नाही.

लागणारे साहित्य

१) दोर : १० ते १२ मिलिमीटर जाडीचा, प्रत्येकी ५ मीटर लांबीचे दोन तुकडे. सुंभाचा दोर पाण्याला टिकतो, पण ताकदीला कमी असतो. ताग व अंबाडी यांचे दोर मजबूत असतात, परंतु ओले राहिल्यास कुजतात. प्लॅस्टिकचा दोर कुजत नाही, मात्र उन्हाने त्याचे तंतू ठिसूळ होतात. दोर कोणताही असो, तो नवा घ्यावा. गुरांच्या दाव्यातून किंवा मोटारीच्या बांधणीतून निघालेला जुना दोर या कामी घेऊ नये.

२) पट्टा : खाटेच्या नवारीचे दोन तुकडे, प्रत्येकी सुमारे दीड मीटर. प्रत्येक टोक दुमडून व जाड दोऱ्याने दुहेरी शिवून त्याचे नाके करावे. नाक्यातून दोराची गाठ पार व्हावी, पण आडवी खुंटी पार होऊ नये, एवढे ते असावे.

३) खुंट्या : बाभूळ किंवा साग यांसारख्या कठीण लाकडाच्या दोन, सहा इंच लांब व एक इंच जाड. मध्यभागी दोर बसेल अशी उथळ खाच घ्यावी.

४) कापड : जाड मांजरपाट. विरलेले लुगडे भार पडताच उभे फाटते. ते अंथरण्यास घ्यावे, टांगण्यास घेऊ नये.

दोर तयार करण्याची कृती

दोराची टोके प्रथम बंद करावीत. सुती वा तागाच्या दोराचे टोक दोऱ्याने आवळून बांधावे. प्लॅस्टिकच्या दोराचे टोक ज्योतीवर धरून वितळवावे.

नंतर दोराच्या वरच्या टोकापासून एक हात जागा सोडून फास करण्यास आरंभ करावा. दोर दुमडून दुहेरी करावा व त्या दुहेरी दोराचीच साधी गाठ मारावी, म्हणजे पुढे लहान फास राहतो. फास चार बोटे रुंद असावा. मोठा ठेवू नये. याप्रमाणे सहा फास करावेत. एका फासापासून पुढील फासापर्यंत एक वीत अंतर ठेवावे, म्हणजे सर्व मिळून सुमारे अडीच हात लांबी कमीजास्त करता येते. दुसऱ्या दोरावर हेच अंतर मोजून तसेच फास करावेत. दोन्ही दोर सारखे नसतील, तर झोळी एका अंगास कलते.

कापडाचे टोक एकत्र गोळा करून उलट दुमडावे. दोराचे खालचे टोक त्या दुमडीतून वर काढून दुमडीच्या मानेभोवती दोन वेढे द्यावेत व प्रत्येक वेळी दोराच्या स्वतःच्या अंगाखालून ओढावे. विणकर सूत जोडताना जी गाठ मारतात तीच ही, फक्त एक वेढा अधिक. उरलेले टोक किमान एक वीत असावे. ते मूळ दोराला बांधून टाकावे, म्हणजे मुलाच्या हाती लागणार नाही.

झोळी टांगणे

नवारीचा पट्टा फांदीवरून टाकावा व त्याची दोन्ही नाकी खाली एकत्र आणावीत. दोराचा हवा तो फास दोन्ही नाक्यांतून ओवून वर काढावा आणि फासात खुंटी आडवी घालावी. भार पडला की खुंटी नाक्यांवर दाबून बसते. खुंटी हरवू नये म्हणून ती बारीक दोरीने पट्ट्याला बांधून ठेवावी. झोळी वर-खाली करताना मूल आधी उचलून घ्यावे, मगच खुंटी काढावी.

दोराचे वरचे मोकळे टोक लोंबत ठेवू नये. ते फांदीभोवती स्वतंत्रपणे, फार ढिले न ठेवता बांधावे. पट्टा फाटला किंवा खुंटी मोडली, तर भार या टोकावर येतो व झोळी खाली पडत नाही. एक आधार गेला तरी दुसरा असावा, हाच या बांधणीतील मुख्य नियम होय.

पट्ट्याचा दुसरा उपयोग झाडाला होतो. बारीक दोर सालीत रुततो व त्या जखमेतून कीड व बुरशी आत शिरते. रुंद पट्ट्याने भार पसरतो आणि साल वाचते.

दोराचा कोन व त्यावरील ताण

हीच झोळी मोठी करून दोन झाडांच्या मध्ये बांधली, तर दुपारच्या विसाव्यास किंवा रात्रीच्या राखणीस उपयोगी पडते. कोलंबसाला १४९२ साली बहामा बेटांवरील लोकांकडे अशा झोळ्या दिसल्या व पुढे युरोपातील खलाशांनी त्या जहाजांवर घेतल्या. मात्र अशी झोळी ताणून सरळ बांधण्याकडे लोकांचा कल असतो, आणि तेथेच चूक होते. दोर जितका आडवा, तितका त्यावरील ताण अधिक. साठ किलो वजनाचा मनुष्य निजला असता प्रत्येक दोरावर पडणारा ताण असा :

दोर जमिनीच्या पातळीशी ६० अंशांत असता सुमारे ३५ किलो;
४५ अंशांत असता सुमारे ४२ किलो;
३० अंशांत असता ६० किलो;
१५ अंशांत असता सुमारे ११६ किलो;
१० अंशांत असता सुमारे १७३ किलो.

म्हणजे दोर जवळजवळ सरळ ताणल्यास एका माणसाच्या वजनाने प्रत्येक दोरावर तीन माणसांचा भार येतो. शिवाय गाठ असलेल्या जागी दोराची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. म्हणून तीस अंशांचा कोन धरावा. तो मोजण्यास साधन नको. दोर आडव्या अंगाने सात हात जाताना उभा चार हात चढला, म्हणजे कोन साधारण तीस अंशांचा झाला. उभ्या खोडाला बांधताना पट्टा खाली घसरू नये म्हणून दोन वेढे द्यावेत.

पावसाची योजना

कोकणातील पावसात फांदीवरचे पाणी दोरावरून ओघळत थेट झोळीत उतरते. यासाठी झोळीच्या वर एक हातावर प्रत्येक दोराला सुताची वीतभर चिंधी बांधावी. पाणी चिंधीवरून बाहेर गळून जाते. वर ताडपत्री ताणावी. तिच्या कोपऱ्याची दोरी जमिनीतील मेखेभोवती फिरवून टोक मागे आणावे. टोकाचे ताणलेल्या दोरीभोवती दोन वेढे मेखेच्या बाजूस, वळशाच्या आत द्यावेत व तिसरा वेढा वळशाच्या बाहेर देऊन टोक त्याखालून ओढावे. हीच सरकती गाठ. वाऱ्याने ताडपत्री ढिली पडली की गाठ वर सरकवावी. ताडपत्री झोळीला किंवा मुलाच्या तोंडाला लागू देऊ नये.

झाडाची निवड

शेवगा, पांगारा व जांभूळ यांच्या फांद्या ठिसूळ असतात. त्यांना झोळी बांधू नये. माडाखाली तर झोळी मुळीच नको. बांधावरील ऐनाविषयी विशेष काळजी घ्यावी. राबासाठी त्याच्या फांद्या वरचेवर तोडल्या जातात व तोडीच्या जागी नवे फुटवे येतात. हे फुटवे दिसण्यास जाड असले तरी बुंध्याशी त्यांचा सांधा कच्चा असतो. जाड, जिवंत व न तोडलेली फांदीच निवडावी. आकाशात गडगडाट सुरू होताच झाडाखालून मूल काढून पक्क्या घरात न्यावे. मोठ्यांनीही झाडाच्या आश्रयास थांबू नये.

मुलाची काळजी

दोर कितीही पक्का असला तरी मुलाकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसाची जागा तो घेऊ शकत नाही. खोल झोळीत तान्ह्या मुलाची हनुवटी छातीवर टेकते व श्वास कोंडतो. म्हणून झोळीच्या दोन्ही टोकांशी हातभर लांबीची गुळगुळीत बांबूची काठी आडवी घालून कापड रुंद व शक्य तितके सपाट ठेवावे. मूल उताणे निजवावे. तोंडावर कापड टाकू नये, उशी ठेवू नये. झोळीचा तळ जमिनीपासून गुडघ्याहून वर नसावा व खाली दगड किंवा खुंट नसावेत. फासांचा भाग मुलाच्या हातापासून पुष्कळ वर राहिला पाहिजे. जे मूल पालथे पडू लागले किंवा उठून बसू लागले, त्याला झोळीत ठेवू नये.

रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करावी, अशी तरतूद २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात करण्यात आली होती. खाजगी शेतावरील लावणीतही हाच विचार घेण्याजोगा आहे. ज्या शेतकऱ्याकडे दहा-बारा बाया लावणीस येतात, त्याने एका वयस्क बाईला पूर्ण मजुरी देऊन मुलांजवळ बसवावे. त्याने आयांचे चित्त कामावर राहते आणि मुलेही सुरक्षित राहतात.

परीक्षा व निगा

तयार झालेली झोळी प्रथम मुलाच्या वजनाच्या तिप्पट भाताचे पोते ठेवून अर्धा तास टांगावी. गाठी सरकल्या का, शिवण उसवली का, खुंटी वाकली का, हे पाहावे. दररोज टांगण्यापूर्वी दोर हातातून फिरवावा. पेड तुटलेला किंवा काळा पडलेला आढळल्यास तो दोर टाकून द्यावा, जोडू नये. काम संपल्यावर दोर धुऊन सावलीत वाळवावा आणि उंदरांपासून दूर टांगून ठेवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लावणीपूर्वी, रोपे तयार होत असतानाच, गावात या दोराचे एक प्रात्यक्षिक करावे. प्रत्यक्ष दोर हातात देऊन प्रत्येकीकडून एक-दोन फास करून घ्यावेत. पाहून समजलेली गाठ शेतावर आठवत नाही, हाताने मारलेली आठवते. एक संध्याकाळ खर्च करून केलेला हा दोर पुढे संपूर्ण लावणीभर उपयोगी पडेल.