हृदयविकाराचे तज्ज्ञ आणि आपली छोटी कंपनी: सही मागू नका, तपासणी मागा



आजचा धडा आरोग्य क्षेत्रात उतरू पाहणाऱ्यांसाठी आहे. कुणाला बीपी मोजायचं यंत्र बाजारात आणायचंय, कुणी मोबाईल अॅप बनवतंय, कुणी कमी मिठाच्या चटण्या आणि नाचणीची बिस्किटं विकतंय. सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो: "सर, हार्टचा एखादा मोठा डॉक्टर आपल्याबरोबर जोडता येईल का?"

येईल. पण कशासाठी जोडायचा, ते आधी ठरवा. बहुतेकांना पाकिटावर छापायला डॉक्टरचं नाव हवं असतं. ते नाव कायद्याने मिळतच नाही, का ते पुढे सांगतो. मिळू शकते ती तज्ज्ञाची तपासणी, आणि धंदा तिच्यावरच टिकतो. बीपीचं यंत्र चुकीचा आकडा दाखवत असेल आणि त्या आकड्यावर विसंबून कुणी गोळी बंद केली, तर नुकसान फक्त आपल्या ब्रँडचं होत नाही.

भायखळ्यात बसून कुठे बघायचं?

आपला गाळा भायखळ्यात असेल तर आपण नशीबवान आहोत. जे. जे. रुग्णालय आणि १८४५ साली सुरू झालेलं ग्रँट मेडिकल कॉलेज आपल्या दारातच आहे. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालय आणि त्याचं टोपीवाला कॉलेज. लोकलने तीन स्टेशनं पुढे परळला केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, १९२६ पासून.

यंत्र बनवायचं असेल तर आणखी दोन पत्ते लिहून ठेवा. पवईला आयआयटी मुंबईत 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र २०१४ पासून आहे. तिथे डॉक्टर आणि इंजिनियर एकत्र बसून उपकरणं घडवतात. साध्या स्टेथोस्कोपचा आवाज मोठा करून मोबाईलवर ऐकवणारं आयु डिव्हाइसेस या स्टार्टअपचं उपकरण तिथूनच पुढे आलं. दुसरा पत्ता ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र. त्यांनी हातात मावेल असं, बारा लीडचा ईसीजी काढून मोबाईलवरून डॉक्टरला पाठवणारं यंत्र विकसित केलं. असं तंत्रज्ञान ते परवाना देऊन खासगी उत्पादकांना देतात. म्हणजे दर वेळी शून्यापासून शोध लावायला हवा असं नाही. तयार तंत्रज्ञान घेऊन नीट उत्पादन करणं हाही धंदाच आहे.

एक खरी गोष्ट: कुकरवाला समूह आणि हृदयाची झडप

प्रेस्टीजचा कुकर आपल्या घरात असतो. तो ज्या टीटीके समूहाचा, त्याच समूहाने हृदयाची कृत्रिम झडपही बनवली. कशी?

रुमॅटिक हृदयविकारात झडपा खराब होतात, आणि आपल्याकडे त्यात तरुण, गरीब रुग्ण खूप. परदेशी झडप त्यांना परवडत नव्हती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत सर्जन डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या इंजिनियरांनी देशी झडपेचं काम हाती घेतलं. पहिली तीन मॉडेलं फसली. चौथं टिकलं. ६ डिसेंबर १९९० रोजी ती झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली. पुढे टीटीकेने तंत्रज्ञान घेतलं, कारखाना उभा केला, आणि १९९५ च्या सुमारास झडप बाजारात आली. आजवर एक लाखाहून जास्त झडपा रुग्णांना बसल्या आहेत.

यातून आपण काय घ्यायचं?

पहिलं, कामाची वाटणी. संस्थेने शोध आणि चाचणी केली. कंपनीने उत्पादन, दर्जा आणि विक्री सांभाळली. कुणी दुसऱ्याच्या खुर्चीत बसलं नाही.

दुसरं, 'नाही' ऐकायची तयारी. एक साधा हिशोब करा. हृदय मिनिटाला ७२ ठोके धरले तर झडप वर्षाला जवळपास ३ कोटी ७८ लाख वेळा उघडते आणि मिटते. दहा वर्षांत ३७ कोटींच्या पुढे. पहिल्या तीन मॉडेलांपैकी एखादं "चालतंय की" म्हणून विकलं असतं तर? तज्ज्ञाचं खरं मोल त्याच्या होकारापेक्षा त्याच्या नकारात जास्त असतं.

आता आपण काय करायचं? पाच पायऱ्या

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा. "आमचं प्रॉडक्ट बघा" हा प्रश्न नव्हे. "आमचं यंत्र जाड दंडाच्या माणसाचं बीपी बरोबर मोजतं का?" हा प्रश्न झाला. उत्तराचं मापही आधी माहीत करून घ्या. स्वयंचलित बीपी यंत्रासाठी आयएसओ ८१०६०-२ हे प्रमाण आहे. त्यात कमीत कमी ८५ माणसांवर तुलना करावी लागते, आणि सरासरी फरक पाऱ्याच्या ५ मिलिमीटरच्या आत असावा लागतो. "ऑफिसातल्या दहा जणांवर बघितलं, बरोबर येतं" हे तिथे चालत नाही.

पायरी २: योग्य विभाग शोधा. सगळे कार्डिओलॉजीच्या दारात रांग लावतात. तिथले डॉक्टर आधीच रुग्णांच्या गर्दीत असतात. वस्तीतल्या लोकांच्या सवयींचा प्रश्न असेल तर कम्युनिटी मेडिसिन, औषधाचा असेल तर फार्माकॉलॉजी, पदार्थाचा असेल तर आहारतज्ज्ञ. आकडेवारी समजणारा माणूस तर हवाच, आणि तो चाचणी सुरू व्हायच्या आधी हवा, संपल्यावर नव्हे.

पायरी ३: एक पानी पत्र. विभागप्रमुखांच्या नावे लिहा. सरकारी आणि पालिकेच्या कॉलेजात पुढची परवानगी अधिष्ठात्यांच्या कार्यालयातून जाते, हे धरून चाला. पत्रात चारच गोष्टी: आम्ही कोण, प्रश्न काय, तुमच्याकडून काय हवं, तुम्हाला काय मिळेल. असं लिहा:

"महोदय, आम्ही भायखळ्यात कमी मिठाचे खाद्यपदार्थ बनवतो. हे पदार्थ तीन महिने खाणाऱ्यांचं रोजचं मीठ खरोखर कमी होतं का, की ते दुसरीकडून भरून काढलं जातं, हे आम्हाला तपासायचं आहे. अभ्यासाची आखणी आपल्या विभागाने करावी. निकाल आमच्या विरोधात गेला तरी तो प्रसिद्ध करण्यास आमची हरकत नसेल."

शेवटचं वाक्य खोडू नका. समोरचा प्राध्यापक तेच आधी वाचणार आहे.

पायरी ४: करार लेखी करा. पैसे डॉक्टरच्या खिशात नाही, संस्थेच्या खात्यात. माहिती कुणाच्या ताब्यात राहील, शोधनिबंध कोण लिहील, पेटंट कुणाच्या नावे, काम किती महिन्यांत, अर्धवट थांबलं तर काय, सगळं कागदावर हवं. एक लक्षात ठेवा: आधी पेटंटचा अर्ज, मग शोधनिबंध. उलट क्रम झाला तर पेटंट हातचं जाऊ शकतं.

पायरी ५: एथिक्स कमिटी. माणसांवर अभ्यास करायचा म्हणजे संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आणि प्रत्येकाची लेखी संमती लागते. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत आधी नोंद करावी लागते. याचं महत्त्व भायखळ्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. हाफकिनने प्लेगची लस ग्रँट मेडिकल कॉलेजातच तयार केली, १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर वापरून बघितली. कैदी स्वेच्छेने पुढे आले अशी नोंद आहे. पण तुरुंगातल्या माणसाची स्वेच्छा किती मोकळी असते? असे प्रश्न विचारायलाच आज समिती असते. तिला अडथळा समजू नका.

इथे पाय घसरतो

• डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार (२००२ ची नियमावली) डॉक्टरला कंपनीसाठी संशोधन करता येतं, सल्ला देता येतो. पण कुठल्याही विक्रीच्या वस्तूच्या जाहिरातीसाठी आपलं नाव, सही किंवा फोटो देता येत नाही. म्हणून डॉक्टरचा फोटो मागून त्याला अडचणीत आणू नका.

• हृदयविकार आणि बीपी बरं करतो अशी औषधाची, काढ्याची जाहिरात १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंद आहे. खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड १० लाखांपर्यंत.

• बीपी यंत्रं १ जानेवारी २०२१ पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली आली आहेत. परवाना आधी, विक्री नंतर.

पैशाचं काय?

सगळा खर्च खिशातून करायची गरज नाही. नवीन कल्पना असेल तर केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेचं 'बिग' अनुदान बघा, ५० लाखांपर्यंत मिळतं. स्पर्धा मोठी असते, पण तज्ज्ञाबरोबर नीट आखलेला अभ्यास हातात असेल तर अर्जाला वजन येतं. नाहीतर छोटी सुरुवात करा: आधी फक्त अभ्यासाची आखणी, मग थोड्या लोकांवर प्राथमिक चाचणी, मग पुढचं.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कोरा कागद घ्या. वर आपला प्रश्न एका वाक्यात लिहा. खाली दोन रकाने करा: 'उत्तर हो आलं तर काय करीन' आणि 'उत्तर नाही आलं तर काय करीन'. दुसरा रकाना भरता आला नाही, तर अजून कुठल्याही प्राध्यापकाच्या दारात जाऊ नका. भरता आला, तर सोमवारी पत्र टाइप करायला घ्या.

पुढच्या धड्यात संस्थेबरोबरच्या कराराचा नमुना कलमवार बघू. तोपर्यंत कागद तयार ठेवा!