एक प्रत मागितली, दोन का आल्या? लिनक्सवरच्या प्रिंटिंगचा छोटा पाठ



आमची शाळा घाटकोपरला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट आहे. दिवाळीआधी तिसरीच्या ३२ मुलांची प्रगतीपत्रकं काढायची होती. प्रत्येकाची फाईल वेगळी, प्रत एकच. मी वर्गावर होते म्हणून ऑफिसातल्या मावशींना प्रिंट द्यायला सांगितलं. परत आले तर टेबलावर ६४ पानं!

मी पटकन बोलून गेले, "मावशी, दोनदा बटण दाबलंत का?"

त्या म्हणाल्या, "नाही हो मॅडम, एकदाच दाबलं." चेहरा मात्र उतरला होता.

गणितात आपण मुलांना सांगतो, आधी मोजा, मग उत्तर द्या. इथे मीच मोजलं नव्हतं. मग मोजायचं कसं, ते बघूया.

लिनक्समध्ये प्रिंटचं काम 'कप्स' नावाची यंत्रणा सांभाळते. मायकल स्वीट यांनी १९९७ मध्ये ती लिहायला घेतली. आपण दिलेली प्रत्येक प्रिंट तिच्याकडे 'जॉब' म्हणून नोंदली जाते. आपल्या हजेरीपटासारखंच!

पायरी १ : जॉब मोजा. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट, मग अपूर्णविराम (कोलन) आणि ६३१ टाइप करा. यासाठी इंटरनेट लागत नाही. 'जॉब्स'वर जाऊन 'शो कम्प्लीटेड जॉब्स' दाबा. एकाच फाईलचे दोन जॉब दिसले, तर प्रिंट खरंच दोनदा दिली गेली. जॉब एकच असेल, तर बटण दोनदा दाबलेलं नाही.

पायरी २ : प्रतींचा हिशोब पाहा.

• १ मागितली, २ आल्या : प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कायमच्या २ प्रती ठरवलेल्या असू शकतात. 'प्रिंटर्स' उघडा, प्रिंटरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'जॉब ऑप्शन्स'मध्ये जा. 'कॉपीज'समोर १ करा. तिथे १ च असेल, तर प्रिंटरच्या स्वतःच्या पॅनेलवरचा आकडाही पाहा.

• २ मागितल्या तर ४, ३ मागितल्या तर ९ : हा वर्गाचा पाढा झाला! प्रती काढण्याचं काम बहुधा दोन ठिकाणी होतंय, सॉफ्टवेअरमध्ये आणि पुढे प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही. फाईल पीडीएफ करून दुसऱ्या प्रोग्रॅममधून प्रिंट देऊन पाहा.

• आधी अर्धवट प्रत, मग पुन्हा पहिल्या पानापासून : कागद अडकला किंवा जोडणी तुटली, आणि जॉब नव्याने सुरू झाला. यादीत अडकलेला जॉब असेल तर 'कॅन्सल' करा, मगच नवी प्रिंट द्या.

पायरी ३ : एकाच पानावर तपासा. सेटिंग बदललं की लगेच सगळा गठ्ठा देऊ नका. आधी एका पानाची, एकच प्रत काढा.

आमच्या यादीत काय निघालं? जॉब बरोबर ३२, ६४ नाहीत. मावशींनी एकदाच बटण दाबलं होतं. 'कॉपीज'समोर मात्र २ होते. जूनमध्ये प्रवेशाचे फॉर्म दोन-दोन लागायचे, एक पालकांना, एक शाळेला. तेव्हा ते मीच करून ठेवलं होतं आणि पार विसरले होते.

मावशींना सगळ्यांसमोर विचारलं होतं, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागितली. मग त्यांना ती यादी उघडायला शिकवली. आता प्रिंट दिली की त्या स्वतःच जॉब मोजतात. जास्तीच्या ३२ पानांच्या कोऱ्या बाजू मुलांनी चित्रकलेला वापरू नयेत म्हणून ती फाडून टाकली, कारण त्यावर मुलांचे गुण होते. एवढा कागद वाया गेला, तेही माझ्यामुळेच.

लिनक्स मराठीतून शिकायचं असेल, तर आपल्या पवईच्या आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मराठी व्हिडिओ मोफत आहेत. जरूर बघा.

घरी मुलाने प्रिंट काढली आणि दोन पानं आली, तर ओरडण्याआधी एकदा यादी उघडा. दोघांनी मिळून मोजा.