दोन वाद्यं आणि मधली जागा

मी कॉलेजच्या कॉयरला कीबोर्डची साथ करते. गेल्या ख्रिसमसच्या तालमीत गाणारी मैत्रीण वैतागून म्हणाली, “अगं, मला श्वास तरी घेऊ दे!” तिची ओळ संपली रे संपली, की मी ती जागा सुरांनी भरून टाकायचे. तेव्हा राग आला. ती काय म्हणत होती, ते मला एका जॅझ अल्बमने शिकवलं.

‘क्रिस्टल सायलेन्स’ हा तो अल्बम. पियानोवर चिक कोरिया, व्हायब्राफोनवर गॅरी बर्टन. ध्वनिमुद्रण ओस्लोत, नोव्हेंबर १९७२ मध्ये. कंपनी ईसीएम, निर्माता मानफ्रेड आयकर. एकूण ९ रचना. ड्रम नाहीत, बास नाही.

व्हायब्राफोन म्हणजे पियानोच्या क्रमाने मांडलेल्या धातूच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीखाली नाद वाढवणारी नळी असते. पायाखालचं पेडल दाबलं की स्वर घुमतो, सोडलं की थांबतो. बर्टन दोन्ही हातांत मिळून ४ मॅलेट धरायचा, त्यामुळे त्याला सुरावटीबरोबर कॉर्डही वाजवता यायचे.

खरी अडचण इथेच आहे. सुरावट दोघांना येते, कॉर्डही दोघांना येतात. दोघांनी सगळंच वाजवलं तर नुसता गोंगाट! म्हणून एक जण पुढे आला की दुसरा मागे सरकतो, आणि थोड्या वेळाने अदलाबदल होते. व्हायब्राफोन साधारण तीन सप्तकांचा, त्यामुळे खर्जाची बाजू पियानोचा डावा हात सांभाळतो.

अजून एक गोष्ट. ही दोन्ही वाद्यं आघाताची. एकदा वाजलेला स्वर नंतर फुगवता येत नाही, तो विरतच जातो. मग प्रश्न उरतो, की त्याला विरू द्यायचं की त्यावर लगेच दुसरा ठेवायचा? ‘सेन्योर माउस’मध्ये स्वर एकमेकांच्या पाठीवर धावत येतात. शीर्षकरचनेत मात्र दोघंही थांबतात, विरणारा स्वर ऐकतात, मगच पुढचा ठेवतात. तिथली शांतता रिकामी वाटत नाही.

करून बघा: शीर्षकरचना तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त पियानो, दुसऱ्यांदा फक्त व्हायब्राफोन. तिसऱ्यांदा कोण कधी थांबतं, एवढंच.

यंदाच्या तालमीत ओळ संपल्यावर मी हात उचलून धरले. मैत्रिणीने श्वास घेतला. तो मला पहिल्यांदाच ऐकू आला.