कोरडी गोळी
आमच्या मनीने खाल्लेला घास खाल्ल्या पावली परत टाकण्यास आरंभ केला त्यास आता दोन वर्षे होतील; आणि या अवधीत ‘मांजरे ओकतातच’ हे वचन ज्यांच्या मुखातून मी ऐकले, त्यांत आमच्या पेठेतील दवाखान्याचे पशुवैद्य अग्रगण्य होत. पोटात केसांचा गोळा असेल असा शेरा मारून त्यांनी तीन वेळा फी घेतली, आणि चौथ्या खेपेस, मनीकडे न पाहता माझ्याकडे पाहून, “लाड जरा कमी करा,” हा उपदेश फुकट दिला.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र मनीला हात लावण्यापूर्वीच विचारले, “ओकताना हिचं पोट आचके देतं का हो?” मी निरुत्तर झालो. आचके कधीच नव्हते. मान खाली जाताच न पचलेले अन्न वातीसारखे लांबट होऊन निसटे, त्यात ना पित्त ना आंबूस वास. म्हणजे जे जठरापर्यंत पोहोचलेच नव्हते, त्याला मी तीन महिने ओकारी म्हणत होतो! पुढचा प्रश्न जिव्हारी लागला: “त्याआधी डॉक्सिसायक्लिन दिलं होतं?” दिले होते. सर्दीसाठी, पहिली गोळी त्याच पशुवैद्यांच्या हाताने, कोरडी; आणि उरलेल्या माझ्या हाताने, तशाच कोरड्या. ही गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तेथेच विरघळली की व्रण पडतो, आणि व्रण भरताना नळी आवळत जाते. बेरियम पाजून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात ती जागा मला, अडाण्यालाही, दिसली.

ते चित्र घेऊन मी जुन्या दवाखान्यात गेलो. “होतं असं कधी कधी,” एवढे बोलून त्यांनी पुढच्याला हाक मारली. त्यांच्या चिठ्ठीवर पाण्याचा उल्लेख अक्षरानेही नव्हता, हे मी त्यांच्यासमोर वाचून दाखवूनच उठलो.

फुग्याने दोनदा नळी रुंदावून घेतली, तरी ती पूर्ववत झाली नाही. म्हणून सांगतो: कोणतीही गोळी दिल्यावर बिनसुईच्या सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी गालाच्या कडेने थेंबाथेंबाने पाजावे; शक्य तेथे पातळ औषधच मागून घ्यावे. आजार जडलाच तर अन्न पेजेसारखे वाटून, दिवसातून चार-पाचदा थोडेथोडे, उंच पाटावर ठेवून द्यावे, आणि नंतर पंधरा-वीस मिनिटे मांजराला उभे धरून खांद्याशी घ्यावे. आमच्या घरी हे काम मजकडे आहे. वर्तमानपत्र तेवढ्यात वाचून होते. झोपेतले श्वास मोजण्याची सवय ठेवावी. मिनिटाला तीसच्या वर जाऊ लागले, खोकला वा ताप आला, तर अन्न फुप्फुसात गेल्याची शंका धरून त्याच दिवशी धावावे. घास परत येताना मोबाइलवर चित्रण करावे, कारण तोंडी जबानीवर कोणी विश्वासत नाही. धीर धरावा, हे आलेच.

मनीचे वजन काल तीन किलो दोनशे ग्रॅम भरले. जुन्या दवाखान्यात गोळ्या अद्यापि कोरड्याच देतात, असे शेजारच्या वहिनींकडून कळते.