बोटभर मावळा आणि वीस तोंडांचा फासा

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे तान्हा पोळा. विदर्भातल्या मुलांचा हा हक्काचा सण. आदल्या दिवशी खरे बैल सजतात, तर या दिवशी चाकांवरचे लाकडी नंदी. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. पुढे दोन महिन्यांनी दिवाळी आली, की अनेक घरांच्या अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो आणि त्यावर बोटभर उंचीचे मावळे पहारा देऊ लागतात.

खऱ्या वस्तूची चिमुकली प्रतिकृती करावी, ती रंगवावी आणि तिच्याशी खेळावे, ही हौस जगभर आहे. परदेशांत तर मोठी माणसेसुद्धा राक्षस, जादूगार आणि योद्धे यांची इवली सैन्ये रंगवतात व टेबलावर मांडून तासन्‌तास खेळतात. या हौसेत पदार्थविज्ञान आणि गणित किती भरले आहे, हे आज आपण पाहू या.

लहान करताना काय काय लहान होते?

समजा, वशिंडापर्यंत १४० सेंटिमीटर उंच असलेल्या बैलाची २८ सेंटिमीटर उंच प्रतिकृती केली. म्हणजे उंची पाचपट कमी झाली. मग वजनही पाचपट कमी होईल का? नाही. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही पाचपट कमी झाल्या, म्हणून घनफळ ५ × ५ × ५ म्हणजे १२५ पट कमी झाले. खरा बैल ४०० किलोचा असेल, तर त्याच घनतेचा नंदी ३.२ किलोचा होईल. सजीवाची घनता साधारण पाण्याइतकी असते. सागाची घनता पाण्याच्या सुमारे ०.६५ पट धरली, तर सागवानी नंदी दोन किलोच्या आसपास भरेल.

पृष्ठफळ मात्र ५ × ५ म्हणजे २५ पटच कमी होते. यातून एक व्यवहारी गोष्ट कळते. यंदाच्या नंदीपेक्षा पुढच्या वर्षी दुप्पट उंच नंदी करायचा असेल, तर रंग चौपट लागेल आणि लाकूड आठपट!

आता मावळ्याकडे वळू. खेळातले सैनिक पुष्कळदा २८ मिलिमीटर उंचीचे असतात. माणसाची उंची १६८ सेंटिमीटर धरली, तर हे प्रमाण एकास साठ असे येते. खऱ्या तलवारीचे पाते ४ मिलिमीटर जाड असेल, तर या मावळ्याच्या हाती ते ०.०७ मिलिमीटरहूनही पातळ हवे. म्हणजे तुमच्या वहीच्या कागदापेक्षाही पातळ! असे पाते स्वतःच्या भाराने मुळीच वाकणार नाही. कारण सर्व मापे साठपट कमी केली, की भार घनफळाप्रमाणे उतरतो, पण मजबुती काटछेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणे उतरते. म्हणून स्वतःच्या भाराच्या मानाने वस्तू उलट साठपट बळकट ठरते. मग ते मोडते कशाने? तुमच्या बोटाने. कारण तुमचे बोट लहान झालेले नाही! म्हणूनच कारागीर मावळ्याची तलवार, मनगट आणि डोके मुद्दाम जाड घडवतात. तो अनाडीपणा नव्हे, ती गरज आहे.

माती का तडकते?

वर्ध्याच्या परिसरात कापसाची काळी माती मुबलक. पण नुसत्या काळ्या मातीचे मावळे करून उन्हात ठेवा. संध्याकाळपर्यंत निम्म्यांचे हात गळून पडलेले दिसतील. उन्हाळ्यात शेताला ज्या कारणाने भेगा पडतात, तेच कारण येथे आहे. या मातीचे अतिसूक्ष्म कण पापुद्र्यांचे बनलेले असतात. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते, आणि ते गेले की आकसते. उन्हात वरचा थर आधी वाळून आकसू पाहतो, पण आतला ओला भाग त्याला आकसू देत नाही. त्यामुळे वरच्या थरात ताण निर्माण होतो आणि तो तडकतो. बारीक हात जाड धडापेक्षा लवकर वाळतो, म्हणून नेमका खांद्याच्या सांध्यावर घाला पडतो.

उपाय सोपे आहेत. मातीत चाळलेली रेती मिसळा. रेती आकसत नाही. कापसाचे थोडे तंतू घालून माती चांगली मळा. ताण आला की तंतू तो धरून ठेवतात. आणि मावळे सावलीत, ओलसर फडक्याखाली सावकाश वाळू द्या, म्हणजे आतबाहेर वाळण्यात फार फरक पडणार नाही. शाडू मिळाली तर काम आणखी सोपे.

सावली रंगवावी का लागते?

मावळ्याच्या अंगरख्याला एकसारखा पांढरा रंग दिला, तर तो सपाट आणि निर्जीव दिसतो. जाणकार रंगारी चुणीच्या खोबणीत गडद आणि उंचवट्यावर फिकट छटा देतात. पण खऱ्या माणसाच्या कपड्यांना आपण सावल्या रंगवत नाही. मग येथे त्यांची गरज का पडावी?

पहिले कारण प्रकाशाचे. सूर्याचे बिंब आपल्याला जेमतेम अर्धा अंश रुंद दिसते, म्हणून उन्हातील सावली ठळक पडते. खोलीतली ट्यूबलाइट लांबलचक असते, शिवाय भिंती आणि छत यांवरून प्रकाश सर्व दिशांना परावर्तित होतो. अशा विसरित प्रकाशात सावल्या पुसट होतात. दुसरे कारण खोलीचे. खऱ्या कपड्याची ३ सेंटिमीटर खोल चुणी एकास साठ प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची होते. रंगाचे दोन-तीन जाड हात दिले, की ती बुजूनच जाते. म्हणून रंग नेहमी पातळ करून द्यावा.

सावली रंगवण्याच्या कामी निसर्गच आपली मदत करतो. आधी पांढऱ्या रंगाचे अस्तर द्या. त्यावर मूळ रंग द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. मग गडद रंग भरपूर पाण्यात कालवून सगळीकडे फिरवा. पृष्ठताणामुळे हे रंगीत पाणी उंचवट्यांवरून ओसरून खोबणीत गोळा होते आणि तेथेच वाळते. सावली आपोआप तयार! शेवटी ब्रश फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि फिकट रंगाने उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. कोरडा ब्रश खोबणीत शिरत नाही, म्हणून केवळ कडा उजळतात.

किती बारकावे रंगवावेत? अर्ध्या मीटरवरून पाहिलेला हा मावळा आपल्याला ३० मीटरवरच्या माणसाएवढा दिसतो. निरोगी डोळा सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील दोन ठिपके वेगळे ओळखू शकतो. अर्ध्या मीटरवर हे अंतर सुमारे ०.१५ मिलिमीटर भरते. त्याहून कमी अंतरावरचे बारकावे वेगळे काढण्यात वेळ घालवू नये. ते सहसा वेगळे ओळखू येणार नाहीत.

एक धोका ध्यानात ठेवा

ब्रशचे टोक बारीक करण्यासाठी तो ओठांत धरण्याची सवय पुष्कळांना असते. ती आजच सोडा. पूर्वी अनेक पिवळ्या, तांबड्या आणि पांढऱ्या रंगांत शिशाची संयुगे असत. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइडच होय. युरोपातील जुने खेळण्यातले सैनिकही शिशाच्या मिश्रधातूचे ओतलेले असत. शिसे शरीरात साठत जाते आणि वाढत्या वयातील मुलांच्या मेंदूला इजा करते. त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. भारतात २०१६ साली झालेल्या नियमांनुसार घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरवण्यात आली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. पण माळ्यावर पडलेला जुना डबा त्याआधीचा असू शकतो. तो मावळ्यांसाठी वापरू नका, जुना रंग घासून त्याची धूळ उडवू नका, आणि रंगकाम झाल्यावर साबणाने हात धुवा.

सैन्यापासून खेळापर्यंत

सैन्य रंगवून झाले. आता त्याच्याशी खेळायचे कसे? चतुरंग हा आपल्याकडचा प्राचीन खेळ हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांचा. त्यातून आलेल्या बुद्धिबळात नशिबाला जागा नाही. प्रशिया देशात राइस्विट्झ नावाच्या पितापुत्रांनी निराळा विचार केला. वडिलांनी १८१२ साली राजाला युद्धाचा एक खेळ दाखवला आणि तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ साली त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. त्यात नकाशावर ठोकळे मांडत, तोफेच्या माऱ्याने किती नुकसान झाले हे फाशांवरून ठरवत, आणि निवाडा करायला एक पंच असे.

पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या विज्ञानकथा लेखकाने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकात दिले. खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटीचे युद्ध किती बरे, असेही त्याने त्यात सुचवले होते. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपण तरी वेल्सचे हे म्हणणे विसरू नये.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू संपूर्ण सैन्य न चालवता एकाच पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, बाकीचे ‘मी असे करतो’ म्हणून सांगतात, आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासा टाकतात. म्हणजे हे संहिता नसलेले नाटकच!

पाचच फासे का?

या खेळात ४, ६, ८, १२ आणि २० तोंडांचे फासे वापरतात. प्रत्येक तोंड सारखे, प्रत्येक कड सारखी आणि प्रत्येक कोपरा सारखा, असे बहिर्वक्र घन फक्त पाचच आहेत. का, ते पाहा. कोणत्याही कोपऱ्यावर निदान तीन तोंडे मिळायला हवीत आणि तेथील कोनांची बेरीज ३६० अंशांपेक्षा कमी हवी; ती ३६० झाली तर कोपरा न होता सपाट फरशी होईल. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंश, म्हणून कोपऱ्यावर तीन, चार किंवा पाच त्रिकोण चालतात. त्यांपासून ४, ८ आणि २० तोंडांचे घन होतात. चौरस तीनच चालतात. त्यांपासून ६ तोंडांचा. सम पंचकोनाचा कोन १०८ अंश, म्हणून तेही तीनच. त्यांपासून १२ तोंडांचा. सम षट्कोनाचे तीन कोन मिळून ३६० अंश होतात. येथे यादी संपली!

नशिबाचा हिशोब

आता एक प्रसंग घ्या. मावळ्याला रात्री तट चढायचा आहे. सूत्रधार म्हणतो, ‘वीस तोंडांच्या फाशावर १२ किंवा अधिक पडले पाहिजे.’ १२ ते २० हे ९ आकडे अनुकूल, म्हणून संभाव्यता ९/२० म्हणजे ४५ टक्के. त्याच्याजवळ दोर असेल तर पडलेल्या आकड्यात ३ मिळवायचे. मग ९ पडले तरी पुरे. अनुकूल आकडे १२ आणि संभाव्यता ६० टक्के. दोन मावळे दोर घेऊन निघाले, तर दोघेही चढण्याची संभाव्यता ०.६ × ०.६ म्हणजे ३६ टक्के. पण निदान एक तरी चढण्याची? दोघेही हुकण्याची संभाव्यता ०.४ × ०.४ म्हणजे १६ टक्के, म्हणून उत्तर ८४ टक्के. महत्त्वाच्या कामावर एकाऐवजी दोघांना का पाठवतात, ते आता उमगले ना?

पात्राचे बळ ठरवायला मात्र सहा तोंडांचे तीन फासे टाकून बेरीज घेत. त्याचे कारण मार्मिक आहे. वीस तोंडांच्या फाशावर प्रत्येक आकड्याची संभाव्यता सारखीच, ५ टक्के. तीन फाशांच्या २१६ शक्यतांपैकी बेरीज ३ किंवा १८ येण्याची प्रत्येकी एकच शक्यता असते, पण १० किंवा ११ येण्याच्या प्रत्येकी २७ असतात. म्हणून मधल्या ताकदीची पात्रे पुष्कळ आणि भीम विरळा! तुमच्या वर्गातील मुलांच्या उंचीची नोंद करा. तीही अशीच मध्यभागी दाटलेली दिसेल.

करून पाहा

१. मावळा अंधाऱ्या खोलीत ठेवून डोक्यावरून टॉर्चचा प्रकाश टाका. जो भाग उजळतो तेथे पेन्सिलीने खूण करा. फिकट छटा तेथेच द्यायची.

२. षट्कोनी पेन्सिलीच्या सहा बाजूंवर १ ते ६ आकडे लिहा. हा झाला बिनखर्ची फासा. तो ६० वेळा घरंगळू द्या. प्रत्येक आकडा १० वेळाच पडेल असे नाही. ७ ते १३ वेळा पडणे अगदी स्वाभाविक आहे. पण एखादा आकडा २० वेळा पडला, तर पेन्सिलीवर संशय घ्या.

३. एक कवडी १०० वेळा टाका. उताणी आणि पालथी पडण्याची संभाव्यता सारखी आहे का? नसेल तर कवडीच्या आकारात कारण शोधा.

४. टेबलाची उंची ७५ सेंटिमीटर आहे. एकास साठ प्रमाणात ती मावळ्याच्या दृष्टीने किती मीटर झाली? टेबलावरून पडायला मावळ्याला किती वेळ लागेल, आणि तेवढ्या खऱ्या उंचीवरून दगड पडायला किती? (उत्तरे : ४५ मीटर, सुमारे ०.३९ सेकंद, सुमारे ३ सेकंद.) चित्रपटातील कोसळत्या इमारतींच्या प्रतिकृतींचे चित्रण जलद गतीने करून पडद्यावर ते संथ का दाखवतात, हे यावरून सांगा.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. खेळ लढाईचाच असला पाहिजे असे नाही. वर्धा नदीला पूर आला आहे, गावात माणसे अडकली आहेत, जवळ एकच नाव आहे, असा प्रसंग वर्गाला द्या. प्रत्येक फेरीत नावेत किती माणसे बसवायची, किती धोका पत्करायचा, हे मुलांना ठरवू द्या आणि फासा टाकण्यापूर्वी संभाव्यता फळ्यावर मांडायला सांगा. एका तासात संभाव्यतेचा पाठही होईल आणि विचारपूर्वक निर्णय घेण्याचा सरावही.