हौसेला मोल असतं, मनू

मनू, परवा फोनवर तू “ताई, चाळीस तास उडायचं की लायसन्स हातात!” म्हणालीस, तेव्हा तुझ्या उत्साहावर पाणी ओतायचं माझ्या अगदी जिवावर आलं. म्हणून गप्प बसले. आज जरा निवांत सांगते.

चाळीस तास हा नियमातला कमीत कमी आकडा आहे. त्यातले वीस तास एकटीने उडायचे. त्या वीसमध्ये पाच तास एका गावाहून दुसऱ्या गावी, आणि त्यातली एक फेरी निदान १५० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या धावपट्ट्यांवर उतरून. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार गाठणाऱ्या बाईचं चाळिसात सहसा भागत नाही. दोन आठवडे खंड पडला की पुढच्या उड्डाणाचा पहिला अर्धा तास मागचं आठवण्यातच जातो. आणि मीटर चालू असतं हं! धावपट्टीच्या तोंडाशी दुसरं विमान उतरायची वाट बघत उभी राहिलीस, तरी पैसे पडतातच. ताशी दर पाच आकडी, म्हणजे नुसत्या उडण्याचाच हिशेब चार लाखांच्या खाली बसायचा नाही. वर राहणं, जाणं-येणं, परीक्षांची फी.

एक मात्र ऐक. सगळे पैसे एकरकमी भरू नकोस. भरघोस सवलत देतो म्हणतील. पण एखादं विमान दुरुस्तीला गेलं, इन्स्ट्रक्टरला एअरलाइनची नोकरी लागली, की तू तिथे ताटकळणार आणि तुझे पैसेही. टप्प्याटप्प्याने भर, पावती घे, जेवढं उडलीस तेवढं लॉगबुकात त्याच दिवशी चढव.

आणि पैसे भरण्याच्या आधी मेडिकल. डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी नागरी विमान वाहतूक संचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरांकडे क्लास टू. डोळे, कान, ईसीजी, रक्त, लघवी, सगळं बघतात. तुझ्या चष्म्याची काळजी करू नकोस, चष्मा लावून नीट दिसलं की पुरे. अडतं ते रंगांवर. ठिपक्यांमधले आकडे ओळखायची ती पुस्तिका असते ना, तिथे गडबड झाली की पुढचं सगळंच लांबतं. हे आधी कळलेलं बरं, लाखभर रुपये भरल्यावर नव्हे.

क्लबात गेलीस की पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारेल, “मॅडम, मग सीपीएलच का नाही करत?” म्हणजे नोकरीसाठीचं व्यावसायिक लायसन्स. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, कुठेही जा, आजूबाजूला दोनशे तास पुरे करून एअरलाइनच्या नोकरीमागे लागलेली विशीतली पोरं. जुहूला १९२८ साली सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं शिकवणंही आता धुळ्यालाच असतं. त्या गर्दीत हौसेखातर आलेली बाई म्हणजे जरा विनोदच. मनावर घेऊ नकोस. जेआरडी टाटांनी १९२९ साली देशात दिलेलं पहिलं लायसन्स घेतलं तेही हौसेनेच. त्यांची टपालाची विमानसेवा तीन वर्षांनी आली.

वेळ कोणती धरशील? पावसाळ्यात सुरू करू नकोस, ढग खाली आले की दिवसच्या दिवस खोलीत बसून चहा. मे महिन्यातल्या दुपारीही नको. तापलेली हवा विरळ होते, विमान धावपट्टीवर लांबपर्यंत धावत राहतं, आणि वर गेल्यावर दख्खनच्या त्या तापल्या जमिनीवरून असे काही दणके बसतात की खाल्लेलं वर येतं. दिवाळीनंतर सुरू कर आणि सकाळचा पहिला स्लॉट माग. सहाला हँगरवर. झोप सोडावी लागेल, तुझी खरी परीक्षा तीच.

बाकीच्या परीक्षा तुला अवघड नाहीत. नियम, हवामान, दिशाशोधन, इंजिन. सत्तर टक्के हवेत. रेडिओवर बोलायचा परवाना वेगळा. त्याची तयारी मात्र मोठ्याने बोलून कर. बाथरूममध्ये “व्हिक्टर टँगो” म्हणत बस, घरच्यांना वेड लागलं तरी चालेल.

सेस्ना १५२ मध्ये बसायच्या आधी तुला विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालायला लावतील. त्यात पंखाखालून थोडं इंधन एका पारदर्शक नळीत काढायचं असतं. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि मध्ये रेघ दिसते. आता गंमत बघ. नळीत सगळंच पाणी असेल तर रेघ कुठून दिसणार? म्हणून रंग बघायचा. हे इंधन, एव्हगॅस, निळसर असतं. नळी आभाळासमोर धरलीस तर सगळंच निळं दिसेल. ती पंखाच्या पांढऱ्या रंगासमोर धर, वास घे. घाईत असलीस तरी हे टाळू नकोस, आणि कोणी “आत्ताच बघितलंय” म्हणालं तरी स्वतः बघ.

इंजिन बंद पडलं तर, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मनात आहे हे मला कळतं. तर विमान तरंगत खाली येतं. साठ नॉट वेग धरलास की हजार फुटांमागे अडीचेक किलोमीटर जाता येतं. याचा सराव इतका करून घेतात की नंतर एसटीने जातानाही तू खिडकीतून सपाट शेतं हेरत बसशील. मी अजून हेरते.

खरं सांगायचं ते पुढचं आहे. लायसन्स मिळतं गं. ते मिळाल्यावर काय, याचा विचार कोणी करत नाही. वर्षातून एकदा गणपतीत मोदक वळायला बसलं की पहिले चार फुटतातच. लँडिंगचा हातही तसाच जातो, फक्त इथे फुटून चालत नाही. शिवाय या लायसन्सवर कोणाकडून पैसे घेऊन उडता येत नाही, म्हणजे पुढचा प्रत्येक तास तुझ्याच खिशातून. आपल्याकडे भाड्याने चांगलं विमान मिळणंही सोपं नाही. तेव्हा महिन्याला एक तास, निदान दोन वर्षं, एवढे पैसे आधी बाजूला काढ आणि मग शिकायला जा. नाही जमत? मग वर्षभर थांब. फोटोपुरतं हवं असेल तर एक जॉयराइड घे, स्वस्तात काम होईल. पण आपली इन्स्ट्रक्टर उतरून दरवाजा लावून गेली आणि शेजारची सीट रिकामी झाली, की विमान हलकं होऊन अपेक्षेआधीच जमीन सोडतं. ते ज्याला एकदा मिळालं तो जॉयराइडवर समाधान मानत नाही, हेही तुला सांगून ठेवते.

मेडिकलची तारीख मिळाली की कळव. मी सुट्टी टाकून पहिल्या दिवशी सोबत येईन. आणि आईला एवढ्यात बोलू नकोस. माझ्या वेळी तिने जे देव पाण्यात ठेवले होते, ते बहुतेक अजून बाहेर काढलेले नाहीत.