दर हजारी सात

आंतरराष्ट्रीय विकास साहाय्याची चर्चा ज्या ज्या परिसंवादात निघते, तेथे ०.७ टक्के हा आकडा उच्चारला जातोच. संपन्न राष्ट्रांनी आपल्या वार्षिक उत्पन्नाचा एवढा हिस्सा गरीब राष्ट्रांच्या विकासासाठी द्यावा, असा त्याचा अर्थ. दशांश चिन्हाने बिचकण्याचे कारण नाही. हजार रुपयांमागे सात रुपये, इतकाच हा हिशेब आहे. हा आकडा आला कोठून, आणि अर्धशतक उलटून गेल्यावरही बहुतेक राष्ट्रे त्यापर्यंत का पोहोचली नाहीत, हे पाहू लागल्यास तज्ज्ञांच्या बैठकीत नेमके काय ठरते आणि काय ठरायचे राहून जाते, ते चांगले उमगते.

प्रारंभी सूचना एक टक्क्याची होती. जागतिक चर्च परिषदेने ती १९५८ साली मांडली आणि १९६० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तशाच आशयाचा ठराव केला. आकडा लक्षात राहण्याजोगा खरा. पण त्यात एक मोठी फट होती. शासनाने दिलेले अनुदान व सवलतीचे कर्ज यांच्या जोडीला खाजगी कंपन्यांनी परदेशात गुंतविलेले भांडवलही या एक टक्क्यात धरले जाई. एखाद्या कंपनीने नफ्यासाठी परदेशात कारखाना काढला, तर ती रक्कमही हिशेबात जमा! शिवाय कंपनीने यंदा किती गुंतवावे, हे कोणतेही शासन आधी सांगू शकत नाही. जे हाती नाही त्याचे वचन कोण देणार, आणि दिलेच तर त्याचा जाब कोण विचारणार?

फेब्रुवारी-मार्च १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचे दुसरे अधिवेशन नवी दिल्लीत भरले. तेथे हा एक टक्का कशाचा मोजावा, यावर निर्णय झाला. पूर्वी तो राष्ट्रीय उत्पन्नाचा धरीत. आता तो बाजारभावाने मोजलेल्या स्थूल राष्ट्रीय उत्पादनाचा धरावा, असे ठरले. वरवर पाहता ही शब्दांची अदलाबदल वाटेल. परंतु स्थूल उत्पादनात यंत्रसामग्रीचा घसारा आणि अप्रत्यक्ष कर मिळविलेले असल्याने ती रक्कम बरीच मोठी असते, आणि तिचा एक टक्काही तेवढाच मोठा होतो. छेद बदलला की अंश न बदलताही मागणी वाढते, हे अंकगणित शिकविणाऱ्या शिक्षकांस वेगळे सांगावयास नको. मुदतीबाबत मात्र दिल्लीत एकमत झाले नाही.

दरम्यान डच अर्थशास्त्रज्ञ यान टिंबर्गेन यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या विकास नियोजन समितीत दुसराच विचार चालू होता. खाजगी भांडवल बाजूला ठेवून केवळ शासनाकडून किती रक्कम यावी, एवढेच ठरवावे, असा तो विचार. त्यातून ०.७५ टक्के हे प्रमाण पुढे आले. जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅकनामारा यांच्या पुढाकाराने १९६८ साली कॅनडाचे माजी पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांचा आयोग नेमण्यात आला. (याच बँकेचा पाया घालणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते, पिअर्सन आयोगाच्या आठ सभासदांत मात्र एकही भारतीय नव्हता.) १९६९ च्या अहवालात आयोगाने शासकीय साहाय्याचे प्रमाण ०.७ टक्के ठरविले आणि त्यासाठी १९७५, फार तर १९८० पर्यंतची मुदत सुचविली. त्या वेळी प्रत्यक्ष प्रमाण ०.४ च्या आसपास होते.

२४ ऑक्टोबर १९७० रोजी आमसभेने हा आकडा स्वीकारला. पण कोणत्या शब्दांत? साहाय्य देणारी राष्ट्रे हे प्रमाण 'गाठतील' असे ठरावात नाही. ते दशकाच्या मध्यापर्यंत गाठण्यासाठी ती 'पराकाष्ठेचे प्रयत्न करतील' असे आहे. शासकीय मसुदे लिहिणाऱ्यास या दोहोंतील अंतर समजावून सांगावे लागणार नाही. अमेरिकेने तर ठरावाच्या सर्वसाधारण हेतूस मान्यता देऊनही ठराविक प्रमाण व मुदत यांचे बंधन पत्करले नाही.

स्वीडन, नेदरलँड्स, नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी १९७० च्या दशकातच हे प्रमाण गाठले. लोकसंख्येने लहान असलेल्या या देशांनी जे करून दाखविले, ते बड्या राष्ट्रांना जमू नये, याचे कारण पैशाची टंचाई खचितच नव्हे. साहाय्य देणाऱ्या प्रमुख राष्ट्रांच्या विकास साहाय्य समितीची एकत्रित सरासरी २०२४ साली हजारी सुमारे सव्वातीन रुपये होती.

आता या सव्वातीन रुपयांत काय मोजले जाते, तेही पाहिले पाहिजे. व्याख्या ठरविणारी समिती साहाय्य देणाऱ्यांचीच आहे. तिने १९६९ साली प्रथम व्याख्या केली व १९७२ साली ती अधिक काटेकोर केली. लष्करी मदत तीत बसत नाही, आणि कर्ज असल्यास ते सवलतीचेच हवे; हे नियम चांगले आहेत. परंतु साहाय्य देणाऱ्या देशात आलेल्या निर्वासितांच्या पहिल्या बारा महिन्यांच्या निर्वाहाचा खर्चही तीत धरता येतो. निर्वासितांस आसरा देणे हे पुण्यकर्म आहे, यात शंका नाही. पण तो पैसा दात्या देशाच्या सीमेबाहेर जातच नाही. युक्रेनवरील आक्रमणानंतर, २०२२ साली, समितीच्या राष्ट्रांच्या एकूण साहाय्यापैकी सुमारे सातवा हिस्सा या एकाच सदराखाली होता. आफ्रिकेतील एखाद्या खेड्यात विहीर खोदण्यासाठी आलेला पैसा आणि युरोपातील निवारागृहाचे भाडे ताळेबंदात एकाच बेरजेत येतात.

साहाय्याच्या गुणवत्तेविषयी पॅरिस (२००५), अक्रा (२००८) व बुसान (२०११) येथे स्वतंत्र परिषदा झाल्या. तो विषय मोठा असल्याने येथे घेतलेला नाही.

ब्रिटनने २०१३ साली ०.७ टक्के गाठले आणि २०१५ साली त्यासाठी कायदाही केला. प्रयत्नांच्या भाषेऐवजी कर्तव्याची भाषा आली. मात्र त्याच कायद्यात अशी तरतूद होती की, लक्ष्य चुकल्यास मंत्र्यांनी संसदेपुढे कारणांचे निवेदन ठेवावे. २०२१ साली हे प्रमाण ०.५ वर आणले गेले, तेव्हा कायदा बदलावा लागला नाही. २०२७ पर्यंत ते ०.३ वर आणण्याची घोषणा २०२५ साली झाली आहे.